काजळीची बाजू

मोटारीच्या तोंडातून वाफ निघू लागली, तेव्हा नवल मागच्या डब्याच्या पायरीवरून उतरलाही होता. तापीच्या पात्रातला वाळूचा रस्ता कसाबसा पार झाला होता. प्रकाशा गावाकडे चढणाऱ्या वाटेच्या निम्म्यावर मोटार थांबली आणि तिच्यामागे जोडलेला फिरत्या दवाखान्याचा डबा, आपल्या दोन चाकांवर मागे कललेला, तिच्या आधाराने उभा राहिला.

जालमसिंग ड्रायव्हरने हातब्रेक ओढला. नवल मोटारीच्या तापलेल्या पत्र्यावर हात फिरवत होता. ते पाहून जालमसिंगला हसू आलं.

"तिले ढेप चारशी का आते?"

"हासू नको. कितली धापा टाकी ऱ्हायनी ती."

मोटार गार होऊ दे, मग पाहू, एवढं सांगून जालमसिंगने रिकामा टिन उचलला आणि पाणी आणायला पायवाटेने नदीकडे निघून गेला. डॉक्टर आधीच चालत गावात गेले होते. तिथे देवळाजवळ रोगी सकाळपासून ताटकळले होते.

दुसऱ्या मोठ्या लढाईचं पहिलंच वर्ष होतं ते. नंदुरबारच्या गौतमचंद शेठनी आपल्या आईच्या नावाने हा दवाखाना सुरू केला, त्याला हिवाळा लोटला होता. डब्यात डॉक्टरांची झोपायची फळी, औषधांचं कपाट आणि पाण्याचा हंडा. नवल पूर्वी शेठच्या मिरचीच्या गाड्या हाकायचा. बैल विकले गेले, तेव्हा शेठनी त्याला डबा जोडायच्या आणि सोडायच्या कामावर ठेवलं. बायकांना धीर द्यायला, पाणी उकळायला त्याची बायको धनुबाई बरोबर असायची. पोरबाळ नव्हतं. गाडीत जन्म गेलेल्या त्या दोघांना हा डबा म्हणजे दार असलेली गाडीच वाटायची.

डबा सोडायची रीत तो बांधणाऱ्या सुरतेच्या मिस्त्रीने नवलकडून घोकून घेतली होती. आधी दोन्ही चाकांना दगड. मग पुढच्या दांड्याचं लहान चाक खाली. मग खीळ काढायची आणि मोटार पुढे घ्यायची. तापीकाठच्या काळ्या मातीत दगड शोधून सापडत नाहीत, म्हणून दोन चांगले जड दगड डब्यातच ठेवलेले असत. पण सपाटीवर डबा जातोय कुठे? मुक्काम सपाटीवर असला की नवलच ते दगड धनुबाईला देऊन टाकी. ती त्यांच्याजवळ एक वीट मांडी आणि डब्यामागच्या सावलीत चूल पेटवी. गाडीवाल्यांची ती जुनीच सवय. गाडी सुटली की तिची सावली हेच घर. दगडांची एकेक बाजू काजळीने काळी झाली होती.

त्या दिवशीही धनुबाईने दगड खाली घेतले, डब्यामागे मांडले. डॉक्टर परत येईपर्यंत सुया उकळून ठेवायच्या होत्या. काटक्या मोडता मोडता तिने उताराकडे पाहिलं आणि हाक मारली.

"आयका ना. आठे चढ शे. दगडं लागतीन ना चाकले?"

"ऱ्हाऊ दे चूलले. पहिले मोटर सोडस. मंग आनस दुसरा."

"मन्हापेक्षा तिन्हीच काळजी जास्ती तुम्हले," ती म्हणाली आणि चुलीत फुंकर घालायला वाकली. डब्याकडे तिची पाठ होती.

डबा सोड असं नवलला कोणी सांगितलं नव्हतं. पण दमलेलं जनावर जुवाखाली ताटकळत ठेवायचं नाही, हे त्याच्या बापाने त्याला लहानपणी शिकवलं होतं. गाडी थांबली की गाडीवानाने घोटभर पाणी पिण्याआधी बैलांच्या मानेखालचं जोतं, जुवाचा तो पट्टा, सोडायचं. त्याने दांड्याचं लहान चाक खाली केलं. खीळ ओढली. रोज बोटाने निघणारी खीळ आज निघेना. घामाने आवळलेलं जोतंसुद्धा असंच निघत नाही. त्याने हातोडी घेतली. डब्याचा सगळा भार उताराकडे ओढत होता आणि त्या खिळीवर तोलला होता, म्हणून ती घट्ट बसली होती. हे त्याला खीळ उडाली तेव्हा कळलं.

बैलगाडी उतारावर सोडली तरी बैल निघाल्यावर जू जमिनीला टेकतं, रुततं आणि गाडी बसते. डब्याचा दांडाही तसाच मातीत रुतला असता, डबा हातभर सरकून थांबला असता. पण दांड्याखाली चाक होतं, आणि ते नवलने नीट खाली केलेलं होतं. डबा थांबला नाही. नवलने दांडा दोन्ही हातांनी धरला, पण डब्याने त्यालाच फरफटत नेलं. त्याने हाक मारली ती तिच्या नावाने. लग्न झाल्यापासून त्याने तिला नावाने कधी बोलावलं नव्हतं, म्हणून की काय, ती उठली नाही. नुसती मान वळवून पाहिलं तिने.

डबा खाली बाभळीला अडला. चुलीतली राख रस्त्यावर पांगली होती. दगड दोन्ही जागच्या जागी होते.

पोलीसपाटील आले, गाव जमलं. जालमसिंग भरलेला टिन हातात घेऊन तसाच उभा होता. चाकांना दगड लावले होते का, असं पाटलांनी विचारलं. नवल चुलीच्या दगडांकडे पाहत होता. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, दगड ते काय चुलीला. बाईने काढून घेतले असतील. पाटलांनी नवलकडे पाहिलं. नवलने मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नुसती हलली, हे त्याला तेव्हाही सांगता आलं नसतं. पण पाटलांना तेवढं पुरलं, आणि संध्याकाळपर्यंत प्रकाशात, शहाद्यात, नंदुरबारच्या मिरचीबाजारात एकच गोष्ट झाली: बाईने चाकाखालचे दगड काढले आणि स्वतःच्या अंगावर डबा घेतला.

दशक्रिया प्रकाशालाच झाली, नदीवर. विधी आटपून माणसं चढावर निघाली, तरी धनुबाईची आई भिकुबाई पाण्याच्या कडेला बसून राहिली. नवल जवळ गेला, तेव्हा तिने पदर सारखा केला. जावयापुढे ती कधी मोठ्याने बोलली नव्हती.

"जवाईबापू, मन्ही पोर गाडीमां वाढनी. पाळनाबी गाडीखालेच बांधेल व्हता तिन्हा. तिनी चाकखालना दगड कसा काढा?"

नवलने पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तिनी काढा नही, माय. मी लावाच नही. तिनी मले इचारं व्हतं."

"काय इचारं?"

"दगडं लागतीन ना, आशे. मीच म्हनं, ऱ्हाऊ दे."

भिकुबाई उठली. रडली नाही. उठताना तिने आधार घेतला तो जमिनीचा. त्याने पुढे केलेला हात तिने पाहिला नाही.

"मले सांगीसन काय? लोके तिले येडी म्हनी ऱ्हायनात. त्यासले सांगा."

तो पाटलांकडे गेला. पाटलांनी त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. तू त्या दिवशी मान हलवली होतीस, आता शोकात माणूस स्वतःवर ओढून घेतो, असं होतं, असं समजावलं. त्यांच्या आवाजात दया होती. तरी तो बोलला. पाटील मान डोलावत राहिले आणि मग त्यांनी दुसऱ्या माणसाला पुढे बोलावलं.

नंदुरबारला गौतमचंद शेठनी मात्र त्याचं सगळं ऐकून घेतलं. त्यांना ते खरं वाटलं, हे नवलला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. तेच वाईट झालं.

"बाईले कोनी दोष दी नही ऱ्हायनं, भाऊ. भोळी व्हती, चूक व्हई गयी. आते तू आशे बोलशी ते दवाखानावर बालंट येई. बंद पडी तो. मंग आजारी लोकेसनी कथा जावानं?" मग आवाज उतरवून ते म्हणाले, "ती गयी. तिले आते काय लागस?"

नवल परत कामावर आला. दुसरीकडे काम मिळेल की नाही, याचं त्याला आता काही वाटत नव्हतं. पण डबा जिथे जाईल तिथे जाऊन सांगता येईल, असं त्याला वाटलं.

पहिला मुक्काम ब्राह्मणपुरीला पडला. जमीन परातीसारखी सपाट. जालमसिंग आता चेष्टा करत नव्हता. तो खाली उतरला, आणि नवलचं काम होईपर्यंत मोटारीपाशी तोंड फिरवून उभा राहिला. रोगी बायका निंबाखाली बसल्या होत्या. एक लहान पोर सावली बघून डब्याखाली रांगत निघालं, तशी त्याच्या आईने त्याला दंडाला धरून मागे ओढलं.

"व्हय बाजू! तठे ती बाईनी दगड काढा आनि डबा आंगवर उना."

नवल दगड हातात घेऊनच तिच्यासमोर गेला. "तिनी काढा नही. दगड लायेलच नव्हता. मी लावा नही."

बाईने त्याच्याकडे वर पाहिलं. हाच तो नवरा, हे तिच्या ध्यानात आलं. तिचे डोळे भरले.

"व्हय भाऊ," ती हलकेच म्हणाली, जसं तापात बरळणाऱ्याला म्हणावं तसं, आणि पोराला मांडीवर घेऊन जरा पलीकडे सरकून बसली. बाकीच्या बायकाही सरकल्या.

तो डब्याकडे परतला. चाकाशी वाकला. पहिला दगड लावला. दुसरा लावताना हाताला काळं लागलं. वापर नव्हता, तरी काजळी होती अजून. पण चाकाच्या घासण्याने एका कडेची उडू लागली होती.

नवलने दोन्ही दगड पुन्हा काढले आणि काळी बाजू बाहेर येईल असे फिरवून लावले. मग डब्यापुढे जाऊन दांड्याचं लहान चाक खाली केलं आणि खीळ ओढली. ती बोटाने निघाली.