अप्पांच्या वाट्याचा कंट्रोलर

मित्रांनो, मी एक जुना, मुका झालेला गेमचा कंट्रोलर आहे. उणकल भागातल्या एका घरात टीव्हीखालच्या फळीवर मी पडून असतो. बटणं सगळी जागेवर आहेत, आत मात्र जीव नाही. माझी गोष्ट तुम्हाला मजेदार वाटली, तर समजा तुम्ही ती नीट ऐकली नाही.

माझेही दिवस होते. दुर्गदबैलच्या बाजारातल्या एका दुकानातून कॉलेजात जाणाऱ्या प्रशिकने मला आणलं, तेव्हा मी काळा कुळकुळीत होतो. त्या वेळी ‘राखेचा ग्रह’ नावाचा खेळ पोरांच्या डोक्यात बसला होता. राखेने झाकलेल्या ग्रहावर एकटा सैनिक, आणि समोर लोखंडी किड्यांच्या झुंडी. सैनिकाला मार बसला की मी थरथरायचो आणि प्रशिकच्या तळहातांना तो मार कळायचा. “ह्याच्यासारखा कंट्रोलर न्हाई बघ,” असं तो धाकट्या बहिणीला, आरुषीला सांगायचा. मी फुशारून जायचो.

शेवटच्या टप्प्यावरचा राणी किडा काही केल्या मरेना. एका संध्याकाळी प्रशिकने मला भिंतीवर आपटलं. हरला तो, फुटलो मी. घरात नवा पांढरा कंट्रोलर आला. माझे सेल काढून भिंतीवरच्या घड्याळाला लावले आणि मला जुन्या चपलांच्या खोक्यात टाकलं. कामापुरता मामा, दुसरं काय!

पुढे ‘राखेचा ग्रह’चा दुसरा भाग आला. त्यात ग्रह उलटापालटा व्हायचा, छताची जमीन व्हायची, बंदुकीतून वीज सुटायची. सगळे खूश होते. पण सैनिकाच्या जोडीला ह्या वेळी एक यंत्रमानव दिला होता, हातात ढाल आणि घण घेतलेला. दुसरा खेळाडू असला तर त्याने ह्या साथीदाराला चालवायचं, नसला तर खेळ स्वतःच चालवायचा. आणि कसा चालवायचा, विचारू नका! साथीदार भिंतीला नाक लावून उभा राहायचा, नाहीतर आपल्याच सैनिकाच्या गोळीसमोर ढाल घेऊन यायचा. लोकांनी त्याची सालटी काढली. धारवाडचा एक मुलगा कानडीतून खेळांची परीक्षणं करायचा, तो तर ओरडलाच, “इंव गेळ्या अल्ल, वैरी!” हा मित्र नव्हे, वैरी आहे.

ह्याच सुमारास प्रशिकच्या वडिलांना, भीमरावांना, अर्धांगाचा झटका आला. गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात ते लेथ मशीनवर लोखंडाचे भाग कातत. त्यांच्या हातचं काम पुन्हा मोजावं लागत नाही, असं मालक म्हणायचे. आता तोच उजवा हात मांडीवर पडून असायचा. बोटं चालती ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांना एकच ध्यास होता, पुन्हा लेथवर उभं राहायचं. त्यांची बायको सविता मुलांना म्हणाली, “अप्पाला घ्या की रे खेळायला. बोटांना व्यायाम हुतोय.”

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. अप्पा खेळले तर डाव बुडणार. मग आरुषीला माझी आठवण झाली. तिने मला पुसलं आणि अप्पांच्या हातात दिलं.

“अप्पा, तो ढालवाला तुझा.”

“दिवा लागंना की ह्याचा?”

“जुना हाय न्हवं. त्याला दिवा न्हाई,” प्रशिक म्हणाला.

मित्रांनो, हा माणूस मशीन उघडून पाहिल्याशिवाय कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवणारा नव्हता. पण पोटच्या पोरांवर ठेवला.

खेळ सुरू झाला. अप्पा उजवीकडे दाबायचे, साथीदार डावीकडे जायचा. “हात ऐकंना रे,” ते पुटपुटायचे. दोष माझ्यात असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. साथीदार भिंतीला नाक लावून उभा राहिला की ते ओशाळून हसायचे. त्या धारवाडच्या मुलाची ओरड त्यांनी ऐकली तेव्हा म्हणाले, “त्याच्या घरात पण कोण तर माझ्यासारखा असंल बिचारा.” मुलं उशीत तोंड खुपसून हसली.

एकदा आरुषीने मुद्दाम विचारलं, “अप्पा, मार बसला की रिमोट हालतोय न्हवं? कळतंय का हाताला?”

 अप्पांना काहीच कळलं नव्हतं, कारण मी हललोच नव्हतो. पण हाताला अजून कळत नाही असं सांगितलं तर पोरगी काळजी करेल, असं त्यांना वाटलं.

“कळतंय की,” ते म्हणाले. “चांगलं कळतंय.”

पोरं हसून लोळली. मला त्या वेळी पुन्हा भिंतीवर आपटून घ्यावंसं वाटलं.

लोकांच्या शिव्या खाऊन खेळ बनवणाऱ्यांना जाग आली. पावसाळा सरता सरता अपडेट आलं आणि साथीदार रातोरात शहाणा झाला. ढाल वेळेवर उचलायचा, घणाच्या घावात किडे चिरडायचा. पहिल्याच डावात त्याने ह्या भागातला राणी किडा लोळवला. अप्पा माझ्याकडे बघत राहिले, मग आपल्या हाताकडे. त्यांचे डोळे भरून आले.

तेव्हा तरी कुणी खरं सांगावं? पण नाही. रविवारी प्रशिकने मित्र बोलावले. सगळे टाळ्या वाजवत म्हणाले, “अप्पा, भारी हात हाय तुमचा!” पोरांनी त्या भल्या माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं.

सोमवारी अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मला पिशवीत घातलं आणि गोकुळ रोड गाठला. मालक श्रीकांतशेट भले गृहस्थ. त्यांनी खुर्ची दिली.

“शेट, हात आला बघा माझा,” अप्पा म्हणाले. “ह्याच्यावर रोज खेळतोय. पोरांपेक्षा भारी खेळतोय. लेथवर एकदा बघा की उभा करून.”

“बघूया की! आजच बघूया,” शेट म्हणाले. लेथ रिकामंच होतं. उठता उठता त्यांनी सहज मला हातात घेतलं, उलटं केलं आणि मागचं झाकण सरकवलं. आत सेल नव्हते, नुसता हिरवा गंज होता.

“अहो भीमराव, ह्यात जीवच नाही! पोरांनी गंडवलं की तुम्हाला!”

शेट हसले. मशीनवरची माणसं हसली. दुष्टपणा कुणाच्याच मनात नव्हता. अप्पांनी झाकण डाव्या हाताने बसवलं, मला पिशवीत ठेवलं आणि म्हणाले, “आपलेच दात, आपलेच ओठ.” शेट लेथकडे बोलावत राहिले, पण ते थांबले नाहीत.

घरी येऊन त्यांनी मला फळीवर ठेवलं. “रिमोट बिघडलाय,” एवढंच मुलांना सांगितलं. कुणाला रागावले नाहीत. आरुषी हळूच भावाला म्हणाली, “बरं झालं, सुटलो.” डॉक्टरांनी मुठीत दाबायला दिलेला रबरी चेंडूही त्यांनी शेजारच्या मुलाला देऊन टाकला. बोटं हलवून काय उपयोग, असं त्यांच्या मनाने घेतलं. थंडी पडेपर्यंत त्यांची मूठ वळली ती वळलीच. आता शर्टाची बटणं सविता लावते.

मित्रांनो, मोडक्या वस्तूला मोडकी म्हणा. आणि आजारी माणसाचं खोटं कौतुक करू नका, कारण ते खोटं ठरलं की त्याचं खरंही त्याला खोटं वाटू लागतं. ही विनवणी मी करतो, कारण एक गोष्ट फक्त मला ठाऊक आहे. सुरुवातीला अप्पांचा उजवा अंगठा माझ्यावर नुसता टेकलेला असायचा. पण त्या शेवटच्या रविवारी, पोरं टाळ्या पिटत होती तेव्हा, माझं सगळ्यात घट्ट बटण त्यांनी त्याच अंगठ्याने तळापर्यंत दाबलं होतं. त्यांचा हात खरोखरच येत होता.