नुरीची नऊ अंडी

मी एक जुनी कोंबडी आहे. जात गावरान, रंग मातकट, स्वभाव चिडका. हे तिन्ही आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणाची तक्रार नको. सेनगावपासून दोन कोसांवर ज्ञानबांचा आखाडा आहे. आखाडा म्हणजे शेतातलं घर, गोठा आणि पलीकडं मेंढ्यांचा वाडा. तिथं तुराट्यांच्या कुडाला टेकून मी हल्ली ऊन खात बसते. दुसरं काम आता होत नाही. मग जुनं आठवतं, आणि आठवलं की बोलल्याशिवाय राहवत नाही. मित्रांनो, कोंबडीची जात बडबडी, एवढं समजून घ्या.

माझा जन्म याच अंगणातला. त्या काळी इथं राज्य होतं नुरीचं. असील जातीच्या कोंबड्यांत जी पांढरीशुभ्र असते तिला नुरी म्हणतात. उंच पाय, ताठ मान, मोतिया डोळे, आणि अंगावर एक काळं पीस सापडेल तर शपथ! ज्ञानबांच्या वडलांनी एक चांगली मेंढी देऊन पहिली जोडी आणली होती. तेव्हापासून या घरानं तो रंग मोडू दिला नाही. पिल्लांत एखादं डागी निघालं की ज्ञानबा ते वेगळं काढायचे आणि कुणाला तरी पाळायला देऊन टाकायचे. झुंजीसाठी कोंबडा मागायला कुणी आलं, तर त्याला चहा पाजून रिकाम्या हातानं परत लावायचे. पंचक्रोशीत त्यांना ‘नुरीवाले ज्ञानबा’ म्हणायचे.

आणि मी? घर की मुर्गी दाल बराबर! नुरीला भिजवलेली ज्वारी, मला उकिरडा. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? पण सकाळी नुरी कोंबडा दगडी कुंपणावर चढायचा आणि कोवळं ऊन त्याच्या पाठीवर पडायचं, तेव्हा मी उकरणं विसरून बघत राहायची. अकरा पांढरी पाखरं होती तेव्हा अंगणात. आजही डोळे मिटले की ती दिसतात आणि जीव कासावीस होतो.

माझ्यात एक खोड होती. मी सारखी खुडूक व्हायची. खुडूक झालेली कोंबडी अंडी घालणं बंद करते आणि उबवायला बसते. पोटाखाली अंडी असोत नसोत, ती जागा सोडत नाही. अंगात एक ऊब भरते, आणि जवळ येईल त्याला टोचावंसं वाटतं. ज्ञानबांचा मुलगा शिवहार याला हे बिलकूल पटायचं नाही. “फुकट बसून खाऊन राहिली,” म्हणायचा. मग मला धरून बादलीत तीनदा बुचकळायचा. त्यानंही भागलं नाही तर खुडूक मोडायचा जुना उपाय होताच. कोंबडीचंच एक पीस घ्यायचं आणि तिच्या नाकपुड्यांतून आरपार घालायचं.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्यानं दोन्ही उपाय केले. नाकात पीस घातलं आणि मला पार मेंढ्यांच्या वाड्यापाशी नेऊन डालग्याखाली कोंडलं. डालगं म्हणजे बांबूची मोठी टोपली, पालथी घातली की आमचा तुरुंग. मी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. पण त्या तुरुंगानंच मला वाचवलं, कारण त्याच आठवड्यात अंगणात मानमोडी आली.

मानमोडी हा कोंबड्यांचा रोग. मान वाकडी होते, पाखरू गरगर फिरतं आणि पडतं. सहा दिवसांत अकराच्या अकरा नुरी गेल्या. गावातही कुणाच्या दारात कोंबडी उरली नाही. शेवटी कोंबडा गेला. ज्ञानबांनी त्याला लिंबाखाली पुरलं, हात धुतले आणि बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडले. जेवायला उठवलं तरी उठेनात.

तेव्हा सत्यभामाबाईंना, म्हणजे त्यांच्या मालकिणीला, ज्वारी भरलेला मातीचा डेरा आठवला. रोग यायच्या आधीची नऊ अंडी त्यांनी त्या दाण्यांत ठेवली होती. नुरीची नऊ अंडी. साऱ्या मुलखात त्या रंगाचं एवढंच उरलं होतं, आणि तेही आठवडाभराचं शिळं. आणखी चार-पाच दिवस गेले असते तर त्यांत जीव राहिला नसता.

शिवहारनं थर्माकोलच्या पेटीत बल्ब लावला. “माय, मशीन तयार हाय. दे अंडी.” तेवढ्यात लाईट गेली. ती संध्याकाळपर्यंत आली नाही. सत्यभामाबाई डेऱ्यापुढं आडव्या उभ्या राहिल्या. “त्या डब्याला न्हाई देणार मी. कोंबडी पायजे. खुडूक कोंबडी.”

मग सगळ्यांनी वाड्याकडं पाहिलं.

मित्रांनो, काय तो थाट! अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, इथं तर कोंबडीचे धरले. घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात टोपलं मांडलं, त्यात राख, वर मऊ भुसकट. मला बसायची इच्छा व्हावी म्हणून अंड्यांच्या जागी दोन गुळगुळीत गोटे. पुढ्यात भिजवलेली ज्वारी! पण माझी ऊब या लोकांनीच बादलीत विझवली होती. मी टोपल्यात बसायची आणि लगेच उठायची. एक दिवस गेला, दुसरा गेला. शिवहार हात जोडून म्हणाला, “बस ना वं, माझं चुकलं.” मी त्याच्या अंगठ्याला टोचलं.

तिसऱ्या दिवशी ज्ञानबा बाजेवरून उठून आले. टोपल्यापाशी उकिडवे बसले आणि बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “अगं, हिच्या नाकातलं पीस तर तसंच हाय!”

खरंच, सगळे विसरले होते. दाणे टाकत होते, विनवण्या करत होते, पण माझ्या तोंडाकडं कुणी पाहिलंच नव्हतं. ज्ञानबांनी मला मांडीवर घेतलं, पीस हळूच ओढून काढलं आणि सुजल्या जागी खोबरेल लावलं. “लई तकलीफ झाली ना बाई तुला? आमी नुरीकडंच बघत राहिलो.” इतक्या वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले.

मला त्यांची दया आली म्हणून मी बसले, असं सांगितलं तर गोष्ट गोड होईल. पण खुडूकपण ठरवून येत नाही. मला मोकळा श्वास आला, अंधार मिळाला, आणि दुसऱ्या दुपारी पोटाखाली ती जुनी ऊब पसरली. मी गोट्यांवर फुगून बसले, उठवायला आलेल्या हातावर धावून गेले. सत्यभामाबाई टाळी वाजवून ओरडल्या, “अवो, खुडूक झाली!” त्यांनी गोटे काढले आणि नऊ अंडी एकेक करून माझ्याखाली सारली. गार होती. मी ती चोचीनं पोटाशी ओढली.

दिवसातून एकदा उठायचं, चार दाणे, घोटभर पाणी, की परत. थंडी मरणाची होती. बाराव्या दिवशी कुरुंद्याहून विश्वंभर आले. ज्ञानबांची लेक दिपाली त्यांच्या घरात दिलेली, म्हणजे ते व्याही. इकडं व्याही आला की कोंबडं कापायचंच, आणि तेही लेकीच्या सासऱ्यासाठी! अख्ख्या गावात त्या दिवशी कोंबडी एकच होती. ती मी.

ताटात पिठलं बघून विश्वंभरांचा चेहरा उतरला. “इवाई, आमी वीस कोस आलो ते पिठलं खायला व्हय? दिपालीला सांगू का, तुझ्या बापानं काय वाढलं ते?”

सत्यभामाबाईंनी ज्ञानबांकडं पाहिलं. लेकीला आयुष्यभर ऐकावं लागेल, ही धास्ती. ज्ञानबांनी व्याह्यांना उठवलं, कोपऱ्यात आणलं आणि मला थोडं उचलून दाखवलं. “नऊ हायेत. ही उठली का नुरी संपली. तुमचा मान मोठा हाय, पावणं, पण हिला न्हाई कापू शकत. रागवायचं तर माझ्यावर रागवा, लेकीला बोलू नका.”

विश्वंभर वाकून बघत राहिले. मी त्यांनाही टोचायला गेले. ते हात मागं घेत हसले आणि ताटावर जाऊन बसले. “वयनी, अजून एक भाकर वाढा. अन् ठेचा हाय का?”

एकविसावा दिवस, अंडी फुटायचा, कोरडा गेला. घरात कुणी मोठ्यानं बोलेना. बाविसाव्या सकाळी पोटाखाली टकटक झाली. संध्याकाळपर्यंत पाच पिल्लं बाहेर आली. तीन अंडी निकामी निघाली, एक पिल्लू कवचातच गेलं. त्याच्यावर मी आणखी दीड दिवस बसून राहिले, मला उठवेना. ज्ञानबांनी एक पिल्लू ओंजळीत घेतलं आणि ते रडले, हुंदके देऊन रडले. मग म्हणाले, “भूक लागली.”

पिल्लं दोन महिन्यांत माझ्या डोक्यावरून बघायला लागली. मोठी झाली तशी मी त्यांना टोचून दूर केलं. आमच्यात तशीच रीत आहे, पण त्या दिवशी मला दाणा गेला नाही. आता अंगणात चौदा नुरी आहेत, आणि त्यांच्यातल्या एकीलाही मी कोण ते ठाऊक नाही.

परवा हिंगोलीहून ओमप्रकाश नावाचे एक हौशी गृहस्थ आले होते. मोबाईल काढला, पांढरी पाखरं कुंपणापाशी जमवली. मी आपली ऊन खात तिथंच बसलेली. ते मला पायानं सारत म्हणाले, “काका, ही मातकट जरा हाकला ना. फोटो खराब होतोय.”

मित्रांनो, तुम्ही कोंबड्या पाळा, गाई पाळा, रंग बघा, जात बघा, हौस करा. फक्त कौतुक करताना एकदा खाली वाकून बघत जा, की हे सगळं कुणाच्या पोटाखाली उबलं. त्यालाही मूठभर दाणे टाका. एवढंच मागणं आहे.

ज्ञानबांनी ओमप्रकाशांचा हात धरला.

“तिला न्हाई हाकलायचं, साहेब,” ते म्हणाले. “ती त्यांची माय हाय.”