जाळीची खोली

मुदखेडहून इस्लापूरकडे जाणाऱ्या लाइनीवर पिंपळवाकी नावाचं लहानसं स्टेशन आहे. आनंदराज तिथून रोज सकाळच्या पॅसेंजरनं नांदेडला जाई. तो तिथल्या एका सरकारी दवाखान्यात कारकून होता. बावीस वर्षं हेच चाललेलं.

स्टेशन निजामाच्या काळातलं. काळा दगड, चुन्यातलं बांधकाम, तीन कमानी, वर कौलं. डाव्या अंगाला जनाना खोली होती आणि तिच्या रुळाकडच्या भिंतीत अखंड दगडात कोरलेली जाळी. बुरख्यातल्या बायांना आत बसून गाडी दिसावी, पण फलाटावरच्यांना त्या दिसू नयेत, म्हणून. ती जाळी गावातल्या तय्यबचाचाच्या आज्यानं कोरली होती. तय्यबचाचाही गवंडी. सत्तरी गाठली होती, तरी संध्याकाळी येऊन त्या भिंतीला टेकून बसायचा.

फेब्रुवारीत रेल्वेची माणसं आली आणि भिंतींवर लाल रंगानं फुल्या मारून गेली. ही इमारत पाडून नवं स्टेशन होणार होतं.

ती पाडू नये म्हणून आनंदराजनं गाडीतल्या रोजच्या माणसांच्या सह्या घेतल्या, एकशे चौदा. मग रविवारी टेप घेऊन तो आणि तय्यबचाचा इमारत मोजू लागले. कमानीची उंची, भिंतीची जाडी, जाळीतल्या फुलांची संख्या, सगळं त्यानं आलेखाच्या कागदावर उतरवलं.

त्याच्या बायकोला, बुद्धप्रियाला, हे पटत नव्हतं.

"तुमच्या आज्यानं दगडं वाहिली तिथं," ती म्हणाली. "अन् गाडीची वाट बघायला त्याला बाहेर लिंबाखाली उभं केलं. आत पाय ठेवू दिला न्हाई. अन् तुमी तेच वाचवून राहिले?"

"हाव," आनंदराज म्हणाला. "ती दगडं त्याच्या खांद्यावरून गेल्यात. दुसरं काय ठेवलंय त्यानं मागं?"

पुढच्या रविवारी तिनं दोघांसाठी भाकरी बांधून दिली.

जुनी इमारत म्हणून ती राखावी, या अर्जाला बांधकामाच्या सालाचा पुरावा हवा होता. तय्यबचाचाला आठवत होतं, की मधल्या कमानीवर साल कोरलंय. डिस्टेंपरचे कितीतरी थर चढले होते. दोन रविवार दोघांनी शिडीवर उभं राहून ते हलक्या हातानं खरवडले. तेव्हा उर्दू आकडे वर आले.

"तेराशे चाळीस फसली," तय्यबचाचानं वाचलं. "म्हंजे तुमचं एकोणीसशे तीस-एकतीस. आपल्या आज्यांचं साल हाय बेटा."

आनंदराजनं फोटो, नकाशे, सह्या असं सगळं बांधून रेल्वेच्या कचेरीत दिलं. साहेबांनी पानं उलटली. "फार छान काम केलंय तुम्ही," ते म्हणाले. त्या दिवशी परतीच्या गाडीत त्यानं सगळ्यांना चहा पाजला.

दीड महिन्यानं उत्तर आलं. रूळ रुंद झाले तेव्हा स्टेशनची नोंद नव्यानं झाली होती. कागदोपत्री ही इमारत सन दोन हजार तीनची आहे, सबब ती जुनी धरता येत नाही.

तो पुन्हा कचेरीत गेला. शिलालेखाचा फोटो त्यानं पुढं ठेवला. साहेब म्हणाले, "मी दगड बघतोय हो. पण मला रजिस्टरवरूनच चालावं लागतं."

शेवटी त्यानं एवढंच मागितलं, की जाळी तरी काढून नेऊ द्यावी. ठेकेदाराचा माणूस कबूल झाला. रविवारी काढून घ्या, पाडकाम त्यानंतर, म्हणाला. तय्यबचाचानं छिन्न्यांना धार लावली, जाळी ठेवायला कडबा आणून टाकला.

मशीन शुक्रवारी आलं.

आनंदराज नांदेडात होता. संध्याकाळच्या गाडीतून उतरला तेव्हा कमानींच्या जागी पलीकडचं शेत दिसत होतं. धूळ अजून बसली नव्हती. तय्यबचाचा ढिगाऱ्याजवळ उकिडवा बसला होता.

"चाचा, तुमी होता इथं?"

"होतो. जाळीम्होरं जाऊन उभा राहिलो. मशीनवाला म्हणाला, बाबा, बाजूला व्हा. मी झालो."

"त्यांनी ढकललं तुमाला?"

"न्हाई रे. कोणी हात बी लावला न्हाई. त्यानं म्हणलं अन् मी झालो बाजूला."

आनंदराज ढिगाऱ्यात वाकला. जाळीतलं एकही फूल सबंध नव्हतं. त्यानं दोन-तीन तुकडे उचलून पाहिले आणि परत ठेवले. मग तय्यबचाचाच्या काखेत हात घालून त्याला उठवलं आणि घरी पोचवलं.

ठेकेदारानं तो सगळा दगड फोडून नव्या फलाटाच्या भरावात घातला. तय्यबचाचा पुन्हा स्टेशनाकडे फिरकला नाही. पावसाळ्यात त्याची लेक शबाना त्याला मुदखेडला आपल्या घरी घेऊन गेली.

दिवाळीच्या सुमारास नवी इमारत उघडली. तिकिटाची खिडकी काचेची, वर पत्रा. बसायची खोली नकाशात होती, पण बांधायची राहून गेली. बाया पोरं घेऊन उन्हात उभ्या राहू लागल्या. सह्या करणाऱ्यांपैकी कोणी त्या अर्जाबद्दल विचारलं नाही.

आनंदराजनं महिनाभर तिथून गाडी धरली. मग एके दिवशी जेवताना तो बुद्धप्रियाला म्हणाला, "नांदेडात दोन खोल्या बघितल्यात. तिथंच राहू."

"बावीस वर्षं मी हेच म्हणून राहिले," ती म्हणाली. तिनं त्याच्या ताटात अजून एक भाकरी वाढली. आठ दिवसांत त्यांनी सामान हलवलं. रेल्वेनं नाही, टेम्पोनं.