सहा फुलांची मूठ

मनकर्णानं बसच्या पायरीवर पाय ठेवायच्या आधी दोन्ही हात पदराखाली घेतले. पहाटे लिंबानं तीनदा चोळूनही अंगठ्यावरचा देठांचा काळपट हिरवा डाग निघाला नव्हता. मागून रविराज हळूच म्हणाला,

“आई, मधल्या सीटवर बस. ती मानसं पुढं बसल्यात. बघू नको तिकडं.”

“बघायलाच आलोय न्हवं आपन?”

“तिथं गेल्यावर. हितं न्हाई. दिपालीनं काय सांगितलंय?”

दिपालीनं सांगितलेलं मनकर्णाला तोंडपाठ होतं. दिपाली रविराजची चुलतबहीण, केडगावात दिलेली. थंडीत शनिवार-रविवारी केडगावातून फुलबागेला शटल सुटायची. बागेपाशी गाड्या लावायला जागा उरत नसे, म्हणून बागवाल्यांनीच ती सोय केलेली. सकाळी नऊला निघायची आणि संध्याकाळी पाचच्या आत परत आणून सोडायची. दिपालीचं म्हणणं, दोन्ही घरांनी एकाच गाडीनं जावं, ओळख न दाखवता. बागेत फिरता फिरता पोरापोरींनी बोलून घ्यावं. जमलं तर पुढचं. नाही जमलं तर माणसं फुलं बघायला गेली होती, एवढंच.

तसं करायला कारण होतं. सात वेळा रविराजला घरी नेऊन, पोहे खाऊ घालून नकार कळवले गेले होते. पोरगा बत्तीस वर्षांचा, सुपारीचंही व्यसन नाही, पारनेरजवळ चार एकर बागायती, त्यात शेवंती आणि झेंडू. पण शेती हा शब्द आला की मुलीकडचे चहा अर्धा ठेवून उठत. सातव्या नकारानंतर रविराज म्हणाला होता, “आता पुन्हा कुनाच्या ओसरीवर मला बसवू नको, आई.” हे आठवं स्थळ त्यानं ऐकलं, ते केवळ ओसरी नव्हती म्हणून.

मुलीचे वडील राधाकृष्ण मूळचे कर्जतकडचे. जमीन विकून केडगावात पिठाची गिरणी टाकलेली. मुलगी निकिता रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. शेतकरी मुलगा चालेल, असं म्हणणारा हा पहिला बाप होता. अट मात्र एकच, आणि ती दिपालीनं फोनवर दोनदा सांगितली होती.

“काकू, त्यांची मोठी मुलगी रेश्मा. देताना तिचे वडील भोळेपणानं बोलून गेले, पोरीला शेतातलं सगळं काम येतं. सोळाव्या दिवशी तिच्या हातात खुरपं आलं. आता तिशीत कंबर गेलीय तिची. सासरचे म्हणतात, तिला येतं म्हणून तर करून आणली. म्हणून हिच्या बाबतीत त्यांचं पक्कं आहे. हिला शेतातलं काही येत नाही आणि हिनं बांधावरही पाय ठेवायचा नाही.”

“न्हाई ठेवायचा,” मनकर्णा तेव्हा म्हणाली होती. “देव्हाऱ्यात बसवते तिला.”

बस सुटली. पुढच्या सीटवर पांढरी टोपी आणि तिच्या शेजारी एक घट्ट वेणी दिसत होती. मनकर्णानं सांगितल्याप्रमाणे खिडकीबाहेर पाहायचा प्रयत्न केला. वेणी तिला आवडली.

बागेच्या दारात शटल रिकामी झाली आणि गर्दीत दोन्ही घरं ठरल्याप्रमाणे एकमेकांना सापडली. राधाकृष्णांनी हात जोडले. मनकर्णानंही पदराखालचे हात तसेच थोडे वर केले.

“घरच्या मंडळी न्हाई आल्या?” तिनं विचारलं.

“रेश्माकडं गेल्यात. तिला उठबस होत नाही सध्या.” राधाकृष्ण थांबले. मग रविराजकडं वळून म्हणाले, “दिपालीताईंनी सांगितलं असेलच. तरी मी तोंडावर बोललेलं बरं. माझ्या पोरीचा मातीला हात लागलेला नाही. तिला ते येत नाही. पुढंही यायला नको.”

“आमी कबूल केलंय, मामा,” रविराज म्हणाला.

“कबूल तर रेश्माच्या वेळी पण सगळेच होते.”

निकिता चपलेच्या टोकानं फरशीवरची माती बाजूला करत होती.

बाग खरंच मोठी होती. टेकडीच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी वाफे, एकेका रंगाचा एकेक पट्टा, मधून विटांची वाट. जागोजाग पाट्या होत्या, फुलांना हात लावू नये. माणसं फुलांकडं पाठ करून उभी राहत आणि मोबाईल समोर धरत. रविराज आणि निकिता पुढं चालले, दहाएक पावलांवर ही दोघं मागं.

शेवंतीच्या वाफ्यापाशी येऊन मनकर्णा थांबली. पिवळी, पांढरी, विटकरी, सगळी जातिवंत. पण वाफ्याच्या कडेची फुलं तपकिरी पडून, माना टाकून झाडावरच लटकत होती. तिच्या घरी सव्वीस वर्षं शेवंती होती आणि एवढ्या वर्षांत तिनं शेवंतीचं फूल झाडावर म्हातारं झालेलं पाहिलं नव्हतं. उमललं की पहाटे ते तोडलं जायचं, दिवस उजाडायच्या आत टेम्पोत. पदराखाली तिची बोटं हलली. तिनं ती मुठीत दाबली.

“मी चहा आणतो,” राधाकृष्ण म्हणाले आणि टपरीकडं वळले.

मनकर्णानं मग मुलांकडं पाहिलं. दोघं वाफ्याच्या वळणावर उभी होती. रविराज खाली बघत बोलत होता, निकिता ऐकत होती. बोलता बोलता तिचा उजवा हात वाफ्यावर गेला. एक सुकलेलं फूल तिनं बोटांच्या बेचक्यात धरलं, देठावर अंगठा दाबला, मनगट जरासं वळवलं. फूल सुटलं. फांदी हललीसुद्धा नाही. फूल खाली न टाकता तिनं करंगळीखाली मुठीत सरकवलं आणि तोच हात पुढच्या फुलावर गेला. मग तिसऱ्या. नजर रविराजच्या तोंडावरच होती.

नवखी बाई एक फूल तोडते आणि ओटीत टाकते, एक तोडते आणि टाकते. तिची ओटी भरेपर्यंत ऊन वर येतं. मूठ भरेस्तोवर फुलं हातात धरणं ज्या बाईला जमतं, ती निम्म्या वेळात सरी संपवते. ते शिकायला दोन हंगाम लागतात, तेही रोज गेलं तर. गावात अशा बायका आता चार उरल्या होत्या आणि त्या चौघींसाठी सगळ्या शेतकऱ्यांचे फोन आदल्या रात्रीच लागायचे.

चार, पाच. सहावं फूल मुठीत गेलं तेव्हा मनकर्णाच्या मनात सगळा हिशेब होऊन गेला होता. ओढ्याकडच्या पट्ट्यातल्या बारा सऱ्या हिच्याकडं. वरच्या आपल्याकडं. बायका नाही आल्या तरी सातच्या आत टेम्पो भरतो. गुडघ्याला जरा विसावा.

मग तिला रेश्माची आठवण झाली, जिला तिनं कधी पाहिलंही नव्हतं. छातीत आलेला आनंद तिथंच थिजला. रेश्माच्या सासूनंही पहिल्या दिवशी असंच पाहिलं असेल. वाईट बुद्धीनं नव्हे. पोरीचा हात चांगला आहे, एवढंच म्हणाली असेल.

शिट्टी वाजली.

खालच्या वाटेवरून पहारेकरी झपझप येत होता. “ओ, कोण तोडतंय फुलं? मघापासनं बघतोय, कोणतरी बाई वाकलीय.”

रविराज शिट्टीच्या दिशेनं वळला. निकितानं चमकून स्वतःच्या मुठीकडं पाहिलं, जणू ती दुसऱ्याच कुणाची होती. टपरीकडून राधाकृष्ण दोन हातांत चार कप सांभाळत येत होते. ते वीस पावलांवर होते. मुलीच्या चेहऱ्यावरचा रंग गेला.

मनकर्णा दोन ढांगांत तिच्यापाशी पोचली, तिच्या शेजारी अंगाला अंग लावून उभी राहिली. पदराखालून हात काढला, पोरीची मूठ मागच्या मागं उघडली आणि फुलं आपल्या तळव्यावर घेतली. मग तो हात पुढं केला.

“मी तोडली.”

“मावशी, पाट्या लावल्यात एवढ्या. दिसत न्हाईत का?”

“दिसत्यात. वाचता कुठं येतंय.” पाटी वाचण्याइतपत तिला येत होतं. “सुकल्याली हुती, म्हनून.”

“सुकलेली असू द्या न्हाईतर ताजी. हात लावायचा न्हाई. गावाकडची सवय हितं कशाला आणता? एकानं तोडलं की सगळेच तोडतात.” त्यानं तिच्या तळव्यावरून फुलं उचलली. बाजूनं जाणारी दोन-चार माणसं थांबली होती. एका पोरीनं मोबाईल उचलला. मैत्रीण म्हणाली, “जाऊ दे गं, म्हातारी आहे,” आणि दोघी हसत पुढं गेल्या.

रविराज कानापर्यंत लाल झाला होता. “आई, एक दिवस,” तो दातांतल्या दातांत म्हणाला. “एक दिवस हात गप ठेवायला सांगितलं हुतं.”

“चुकलं बाबा.”

राधाकृष्णांनी कप विटांच्या कट्ट्यावर ठेवले. त्यांनी मनकर्णाच्या हाताकडं पाहिलं. आता तो उघडाच होता, अंगठ्यावरच्या डागासह.

“परक्याच्या बागेत तुमचा हात थांबत नाही, मनकर्णाबाई,” ते शांतपणे म्हणाले. “स्वतःच्या रानात पहाटे उठल्यावर घरात झोपलेली सून तुम्हाला कशी बघवेल?”

मनकर्णानं हात पुन्हा पदराखाली घेतला.

“अण्णा,” निकिता म्हणाली.

“चहा घे. गार होतोय.”

चहा सगळ्यांनी उभ्यानंच घेतला. त्यानंतर गुलाबाचा भाग, काचघर, कमळाचं तळं, सगळं दोन्ही घरांनी वेगवेगळं पाहिलं. रविराजनं तिला एकदा पाण्याची बाटली दिली, तेवढंच. तळ्यापाशी तो म्हणाला, “बोलायला चांगली हुती ती. मी शेतीचं सांगत हुतो तर मधी मधी नेमकं विचारत हुती. खत कुठलं, पानी कधी.” मग म्हणाला, “जाऊ दे.” मनकर्णानं बाटलीचं टोपण घट्ट लावलं. खरं सांगितलं असतं तर पोराचा राग गेला असता. पण ते आज त्याच्या कानावर घातलं की उद्या त्याच्याही डोक्यात बारा सऱ्या येणार, हे तिला आपल्यावरून कळत होतं.

परतीची शटल खच्चून भरली. मनकर्णाला खिडकीची जागा मिळाली, शेजारी रविराज बसला. राधाकृष्ण दोन सीट पुढं, शेजारच्या जागेवर निकितासाठी पिशवी ठेवून. पण निकिता मागं आली आणि रविराजसमोर उभी राहिली.

“मी बसू इथं?”

तो उठला. दुसरी जागा नव्हती. वरचा दांडा धरून तो वाटेत उभा राहिला, थोडा लांब. राधाकृष्णांनी एकदा मागं वळून पाहिलं. पिशवी होती तिथंच राहू दिली.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मग निकिता समोर बघतच म्हणाली,

“अकरावीपासून सुट्टीत फुलं तोडायला जायचे मी. गाडी यायची न्यायला, गल्लीतल्या बायकांबरोबर. कॉलेजची फी निघायची. अण्णांनीच पाठवलं होतं. म्हणून त्यांना जास्त लागतं ते.”

मनकर्णानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“तुम्ही मघाशी का घेतलं अंगावर? मला येतं, हे कळलं तुम्हाला.”

“मला काय न्हाई कळलं.”

“तुम्ही बघत होतात, काकू. मला दिसलं.”

“मी न्हाई बघितलं,” मनकर्णा म्हणाली. खिडकीतून गार वारा येत होता, तिनं काच ओढली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “बघितलं असतं ना पोरी, तर तुला पहाटं चारला उठवायला आले असते मी. आज न्हाई, वरसानं. गुडघा दुखला की आले असते. मला माझी खात्री न्हाई. म्हनून न्हाई बघितलं.”

निकितानं पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडं नीट पाहिलं.

“बायका मिळतात तोडायला?”

“मिळत्यात. कदी न्हाई बी मिळत.”

“नाही मिळाल्या की?”

“की मी हाय, रवी हाय. लई झालं तर निम्मी फुलं ऱ्हात्यात झाडावर. आज बघितलं न्हवं का, कशी ऱ्हात्यात. मरत न्हाई त्यानं कुनी.”

“आणि मी आपणहून आले तर? कधीतरी. झोप नाही आली म्हणून.”

मनकर्णानं विचार केला. “हाकलून लावीन,” ती म्हणाली. “दगडं मारीन बांधावरनं. माझा नेम चांगला हाय, शेळ्यांना इचार.”

निकिता हसली. तोंडावर हात ठेवायच्या आतच हसू बाहेर पडलं. मोठं, दोन सीट पुढं ऐकू जाईल एवढं.

राधाकृष्ण वळले. ते लेकीकडं बघत राहिले, मग तिच्या शेजारच्या बाईकडं. काय बोलणं झालं, हे त्यांना ऐकू आलेलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही. बस एका गतिरोधकावरून गेली. वाटेत उभा रविराज दांड्याला लोंबकळून सावरला.

राधाकृष्णांनी शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

“या, बसा,” ते त्याला म्हणाले. “अजून अर्धा तास आहे.”