'पाठमोरी'तला आवाज

"घाबरू नका, ताई. आवाजाला चेहरा नसतो."

असं म्हणणारा माणूस पुण्याकडचा होता. डोळ्यांना जाड चष्मा, खांद्याला टेपचं जड यंत्र, आणि बोलणं असं, की सुपात पाखडून एकेक शब्द वेचून घेतलेला. साल मोठ्या दुष्काळाचं. मंठ्याकडच्या त्या गावात जात्यांना धूळ चढलेली, पण सिनेमावाल्यांना जात्याची घरघर पाहिजे होती. तिथं सासरी नांदणाऱ्या विशीतल्या द्वारकेनं मूठभर मिलो, रेशनवरची तांबडी ज्वारी, जात्यात टाकली. शेजारची कौसल्या समोर बसून खुंट्याला हात लावत होती. तिचा गळा बसलेला होता त्या दिवशी. म्हणून द्वारका एकटीच गायली.

आटली गं नदी बाई, वाळू उन्हात निजली,
तीर्थपुरीच्या बद्रीनाथा, तुझी बहीण भिजली.

बहीण भिजली ती डोळ्यांच्या पाण्यानं. हे सांगायला लागत नाही. ओवीत माहेरचं गाव घालायचं, भावाचं नाव घालायचं, आणि आपलं रडणं दोघांच्या आड ठेवायचं, एवढीच रीत. समोर दळायला बसणारीला आपल्या भावाचं नाव पाठ होतं, आपल्याला तिच्या भावाचं; कधी एकमेकींच्या भावाचं नाव घालूनही गायचं. नाव कुणाचं आणि गळा कुणाचा, हे जात्यालाच ठाऊक.

त्या गोष्टीला पन्नास वर्षं झाली. जालन्याच्या घरात मेथी निवडताना द्वारकाबाईंना तो पाखडलेला आवाज कानाशी आल्यासारखा झाला आणि जुडी हातात तशीच राहिली. कारण पलीकडे सून वंदना फोनवर बोलत होती.

"मिळाली, रिजवान सर! 'पाठमोरी'ची अख्खी प्रत मिळाली. फूटभर रीळसुद्धा कापलेलं नाही!"

वंदना कॉलेजात मराठी शिकवते. ती आणि इतिहासाचे रिजवान सर मिळून साठ-सत्तरच्या दशकातले असे सिनेमे दाखवतात, ज्यांच्यावरून तेव्हा दगड पडले, खटले झाले, पडदे फाटले. दाखवायचे आणि मग बसून बोलायचं: तेव्हा लोक चिडले ते कशावर, आणि आज आपल्याला काय दिसतं.

"आई, तुम्ही पाहिला होता का हो? तुमच्याच भागातलं शूटिंग म्हणे."

"न्हाई गं. आम्हाला कुठं सोडत होते शिनेमाला."

हे खरं होतं. सिनेमा त्यांनी पाहिला नव्हता. त्यानं काय केलं, ते तेवढं पाहिलं होतं.

'पाठमोरी' ही नवऱ्यानं टाकलेल्या बाईची गोष्ट. सगळ्या रानात पाण्याचा थेंब नाही, आणि ही बाई पहाटे तांब्याभर पाणी उघड्या पाठीवर ओतते. कॅमेरा तिच्या पाठीवरून हलत नाही. मागून ओवी येते, आणि पाणी पाठीवरून उतरतं नेमकं त्याच शब्दावर. भिजली.

तीर्थपुरीला तंबूतल्या टॉकीजमध्ये सिनेमा लागला तेव्हा द्वारकेचा भाऊ बद्रीनाथ दोस्तांबरोबर बसलेला होता. पंचविशीचा, मिशीला नुकता ताव द्यायला लागलेला. पडद्यावरून गावाचं नाव आलं, पाठोपाठ त्याचं. तंबूत शिट्ट्या उठल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "बद्र्या, तुह्या बहिणीला टावेल दे रे!"

त्यानं पडदा फाडला. दुसऱ्या दिवशी उन्हाचा तो बहिणीच्या अंगणात उभा होता. हातात कुऱ्हाड नव्हती, काठी नव्हती. नुसते रिकामे हात, त्याचंच जास्त भ्या वाटलं.

"सांग. तूच का?"

"न्हाई, दादा." पुढचे शब्द तोंडात कुठून आले, ते द्वारकेला अजून कळलेलं नाही. "कौसल्यानं गायली."

आठ दिवसांत कौसल्याला सासरच्यांनी हाकललं. ती 'मी न्हाई, मी न्हाई' म्हणत होती, पण कुंकवाचा धनीसुद्धा तिच्या बाजूला उभा राहिला नाही. द्वारका दाराआड होती. कौसल्यानं जाताना दाराकडं पाहिलं. आवाज चढवला नाही, नाव घेतलं नाही. नुसतं पाहिलं.

पुढे कुणी सांगितलं, ती जालन्याला बियाण्याच्या कारखान्यात दाणे निवडते. मुलाच्या नोकरीपायी द्वारकाबाई स्वतः जालन्याला आल्या, त्याला अकरा वर्षं झाली. एमआयडीसीकडं बायांनी भरलेला टेम्पो जाताना दिसला, की त्या पदर ओढून भिंतीकडं तोंड करतात. लोकांना वाटतं, धुळीचा त्रास आहे.

"आणि आई, एक गंमत सांगू?" वंदना शेजारी येऊन बसली. मेथी निवडू लागली. "सिनेमात त्या ओवीवालीचं नावच नाही. नुसतं 'ग्रामीण स्त्रिया'. पन्नास वर्षं बिचारी बिननावाची. आम्ही शोधून काढलं तिला."

"कुणाला?"

"कौसल्याबाई. इथंच, चंदनझिऱ्याला राहतात. नाव आपल्या बद्रीनाथ मामांनीच सांगितलं! मामाही येणारेत. रविवारी सिनेमा झाला की कौसल्याबाईंचा सत्कार. तुम्ही पुढच्या रांगेत बसायचं हं."

"माझे गुडघे..."

"रिक्षा दारातून दारात. कारणं सांगू नका."

चार दिवस घास उतरला नाही. भाकरी मोडायची, पाण्यात बुडवायची, ताट सरकवायचं. बीपीची गोळी घेतली का, हे दोनदा विसरल्या आणि दोनदा घेतली. दाराची कडी वाजली की वाटायचं, कौसल्या आली. फोन वाजला की वाटायचं, दादाला कळलं. सांगून टाकावं म्हणून त्या तीनदा वंदनाजवळ गेल्या. एकदा चहा मागून परत आल्या, एकदा चष्मा. तिसऱ्यांदा वंदना शालीच्या कडेचे दोरे कातरत होती. मोरपंखी रंगाची, जरीकाठाची शाल.

"कशी वाटते? शोभेल ना त्यांना?"

द्वारकाबाईंनी कातरलेला एक दोरा उचलून बोटाला गुंडाळला. तेव्हा खरं सांगितलं असतं तर लाज होती. आता सांगितलं तर लोक म्हणतील, म्हातारीला शाल पाहिजे. ज्या आवाजापायी एका बाईचं घर गेलं, त्याच आवाजाचा आज मान झाला होता, आणि तो मान तरी कौसल्याच्या अंगावर पडत होता. पडू द्यावा. गप बसावं. असं ठरवलं की दोन घटका बरं वाटायचं आणि मग दुप्पट भ्या वाटायचं. कारण कौसल्याला तोंड होतं. पन्नास वर्षं मिटलेलं तोंड माईकसमोर उघडलं तर?

रविवारी अकराला कॉलेजचा हॉल भरला. खिडक्यांना काळे पडदे लावले होते. पुढच्या रांगेत बद्रीनाथ मामा बसले, पांढरं धोतर, पांढरी टोपी, कानाला यंत्र. द्वारकाबाई त्यांच्या मागच्या रांगेत कडेला बसल्या. पुढं जायला त्यांनी साफ नकार दिला. शेजारची खुर्ची मोकळी होती. वंदनानं एका बाईला हाताला धरून आणून तिथंच बसवलं.

सडपातळ. ताठ कणा. दाणे निवडून निवडून बोटांची टोकं गुळगुळीत झालेली.

"बरी हायेस का, द्वारके?"

"हाय."

"तोंड पांढरं पडलंय तुझं. काई गोळीबिळी घेतली का?"

द्वारकाबाईंनी पदर ओढून घेतला. शिवी दिली असती तर इतकं भ्या वाटलं नसतं.

दिवे गेले. पडद्यावर त्यांचीच जुनी नदी आली, वाळूच वाळू. मग पहाट. मग ती पाठ. जात्याची घरघर सुरू झाली आणि त्यावर एका विशीतल्या पोरीचा गळा उमटला, कोवळा, काठाला जरासा चिरकणारा. द्वारकाबाईंनी आपला आवाज पहिल्यांदाच बाहेरून ऐकला. तीर्थपुरी आलं. बद्रीनाथ आलं. पुढच्या रांगेतली पांढरी टोपी हलली. पाणी पाठीवरून उतरलं. भिजली.

शिट्टी वाजली नाही. कुठंतरी मागं एका पोरीनं नाक ओढलं, तेवढंच.

दिवे लागल्यावर बोलणं सुरू झालं. एक पोरगा म्हणाला, एवढ्यासाठी पडदा फाडला? रिजवान सर म्हणाले, "फाडणाऱ्यांना पाठच दिसली, रडणं न्हाई ऐकू आलं. बराबर. पण कॅमेराही तिथून हटत न्हाई, हेही बघा. ओवी रडती आणि पिक्चर न्हाणं दाखवतो. दिग्दर्शकानं त्या बाईचं दुःख घेतलं, की तिच्या शब्दाचा वेगळाच अर्थ करून विकला?"

"दोन्ही," पुढं बसलेली एक मुलगी म्हणाली. "आणि तिचं नावही लिहिलं नाही."

"म्हणूनच आज," वंदना उठली, "ते नाव आपण लिहिणार आहोत."

टाळ्या पडल्या. कौसल्या उठली. जाताना तिचा हात द्वारकाबाईंच्या खुर्चीच्या पाठीला टेकला, तोल सांभाळण्यापुरता. शाल अंगावर आली. माईक पुढे आला.

"मी न्हाई गायले," कौसल्या म्हणाली.

लोक हसले आणि मोठ्यानं टाळ्या वाजवल्या.

"मोठी माणसं अशीच बोलतात," रिजवान सर म्हणाले.

"न्हाई ओ सर. खरंच मी न्हाई गायले. तवाबी हेच सांगत व्हते."

"कौसल्याबाई, लाजता कशाला आता?" पुढच्या रांगेतून बद्रीनाथ मामा काठी टेकत उठले. कुणीतरी त्यांच्या हातात दुसरा माईक दिला. "पोरांनो, तंबूतला पडदा फाडणारा तो मीच. मी तवा तंबूत बसलेलो व्हतो. माझं नाव ऐकलं अन् डोकंच फिरलं. ह्या बाईंच्या सासऱ्याला जाऊन बोललो, ते मीच. आज अख्खा शिनेमा पाह्यला. डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला बोलू." त्यांनी उपरण्यानं नाक पुसलं. "कौसल्याबाई, सगळ्यांदेखत सांगतो. माझ्या मनात आता काई न्हाई. मी तुम्हाला माफ केलं. कवाच माफ केलं."

हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. वंदनाचे डोळे भरले होते. कौसल्या मात्र खाली बघत होती. गुळगुळीत बोटांनी शालीचा जरीकाठ अंगावरून सोडवत होती, सावकाश, दाण्यातून खडा वेगळा करावा तसा. पण कुणाच्या लक्षात येईना. फोटो काढणारा म्हणाला, "शाल राहू द्या आजी, बिलकुल हलू नका."

तिनं हात खाली घेतले आणि न हलता उभी राहिली.

द्वारकाबाई उठल्या. समोर दादाची पाठ होती आणि ती अजूनही तेवढीच रुंद वाटत होती.

"आई, बसा, चक्कर येईल," वंदना धावली. त्यांनी तिचा हात बाजूला केला. टाळ्या एकेक करून विरल्या. पन्नास वर्षांत न चढलेला गळा चढला. काठाला तसाच चिरकला.

"दादा."

मामांनी कानाचं यंत्र दाबून मागं वळून पाहिलं.

"तिला कशाची माफी देतूस? ती ओवी मी गायले व्हते. कौसीचा तर गळा बसला व्हता. तू अंगणात आलास, अन् मी भ्याले, दादा, अन् खोटंच तिचं नाव सांगितलं."