लीलाबाईंचा उपास

अमरावतीच्या ख्रिस्ती मंडळीत लीलाबाईंसमोर उपाशी पोटी रडायची कुणाची टाप नव्हती. रडा, भांडा, देवावर रुसून बसा, पण आधी दोन घास पोटात घाला, असा बाईंचा कायदा. पाळकसाहेब उपदेशात तासभर जे समजावत, ते लीलाबाई चर्चच्या पायरीवर चप्पल घालता घालता सांगून मोकळ्या व्हायच्या. "अवं, देवानं तुले निसता आत्माच देला काय? पोट कोणं देलं मंग?"

हे सगळं सुरू झालं कोरोनात. चर्चला कुलूप, माणसं घरात कोंडलेली, कबरस्तानात खांदा द्यायला चार जण मिळायची मारामार. तेव्हा लीलाबाईंनी फोन हातात घेतला. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, त्यात संडेस्कूल चालवायच्या, म्हणजे आवाजाला धार होतीच. एकेकीला फोन लावायच्या अन् सांगायच्या, पाय जमिनीवर टेकव, खांदे सैल सोड. श्वास घेताना म्हण 'प्रभू', सोडताना म्हण 'हे तुझ्या हाती'. असं सावकाश करत राहा. मग पाणी पी, मग जेव, अन् मग काय रडायचं ते रड, मी ऐकून राहिली.

मंडळीतल्या वच्छलेचा लेक दवाखान्यात होता तेव्हा वच्छलेनं अन्न सोडलं. लेक घरी येईपर्यंत कण घेणार नाही म्हणाली. लीलाबाई मास्क बांधून तिच्या अंगणात उभ्या राहिल्या अन् तिथूनच ओरडल्या, "देवाशी सौदा करून राहिली काय वं? तो काय भाजीवाला हाये? तू उपाशी राह्यली म्हणून भाव कमी करते काय तो?" वच्छलेला त्या दुःखातही हसू फुटलं, अन् ती जेवली. पुढं तिचा लेक बरा होऊन घरी आला. लीलाबाई मात्र म्हणायच्या, तो आला नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

बोलणं सोपं असतं हो. स्वतःच्या जिवावर बेतलं की माणूस कसा वागतो, ते आता ऐका.

लीलाबाईंना एकुलती एक लेक, नीलम. नवरा लवकर गेला, तेव्हापासून दोघीच एकमेकींना. नीलम अकोटच्या शाळेत शिकवायची, सासर अकोल्याला, जठारपेठेत. रोजचं एसटीनं अपडाउन. जावई शमुवेल बाळापूरला नोकरीला, पोरगा शांत, बायकोच्या शब्दाबाहेर नाही. पाऊस सरता सरता नीलमला ताप भरला. डेंगू निघाला. ताप उतरला तसे सगळे निर्धास्त झाले, अन् नेमकी तेव्हाच तिची तब्येत ढासळली. छातीत पाणी साचलं, श्वास पुरेना, आयसीयूत मशीन लावावं लागलं.

शमुवेलचा फोन आला तशा लीलाबाई अंगावरच्या लुगड्यानिशी एसटीनं अकोल्याला निघाल्या. सोबत माणिकबाई. ती शेजारीण, मंडळीतलीच, अन् शाळेपासूनची मैत्रीण, म्हणून लीलाबाईंना 'लीला' म्हणायचा हक्क फक्त तिला. मूर्तिजापूर आलं तेव्हा माणिकबाईनं पिशवीतून पोळी काढली. लीलाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "उतरल्यावर खाईन."

उतरल्यावर त्या थेट आयसीयूत गेल्या. नीलमच्या तोंडात नळी, हात सुजलेले, डोळे मिटलेले. बाजूची मशीन फुस्स करायची, तशी तिची छाती वर यायची. मशीन थांबली की छाती खाली. लीलाबाईंनी लेकीच्या कपाळावर हात ठेवला.

बाहेर येऊन त्या बाकड्यावर बसल्या. आपलीच शिकवणी आठवली. पाय टेकवले, खांदे सोडले, डोळे मिटले, 'प्रभू' म्हणून श्वास आत घेतला. अन् तो श्वास असा काही सुखानं आत गेला, की बाईंना स्वतःची किळस आली. माझ्या पोरीचा श्वास मशीन घेऊन राहिली, अन् मी इथं आरामात श्वास मोजत बसू? आई आहे का कोण आहे मी? त्यांनी डोळे उघडले. तिथंच, त्या बाकड्यावर, वच्छलेला जे करू दिलं नव्हतं ते लीलाबाईंनी केलं. माझी नीलम डोळे उघडेपर्यंत माझ्या पोटात अन्न जाणार नाही, असं देवाला मनातल्या मनात सांगून टाकलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पण त्यांना नावं ठेवण्याआधी जरा थांबा. पोटच्या पोरीला असं पाहिल्यावर आईच्या हाताला काहीतरी काम लागतं. आयसीयूच्या काचेबाहेर आईला कामच नसतं. उपाशी राहणं एवढंच तिच्या हातात होतं.

इकडे अमरावतीत मंडळीनं साखळी प्रार्थना लावली. एकानं तासभर प्रार्थना करायची, तास संपला की पुढच्याला फोन करायचा, म्हणजे दिवसभर नीलमचं नाव देवापुढून हलू द्यायचं नाही. उपासही वाटून घेतले. पाळकसाहेबांनी फोन करून बजावलं, "लीलाबाई, तुम्हाला शुगर आहे. तुमच्या वाटचा उपास आम्ही धरलाय. तुम्ही जेवायचं, झोपायचं, अन् नीलमपाशी राहायचं. हेच तुमचं काम."

"हो साहेब," लीलाबाई म्हणाल्या. उभ्या आयुष्यात त्या पाळकसाहेबांशी खोटं बोलल्या नव्हत्या.

माणिकबाई जठारपेठेत नीलमच्या घरी राहायची, भाकरी, बेसन, वरण करून डबा दवाखान्यात आणायची. लीलाबाई डबा घेऊन कोपऱ्यात जायच्या अन् अकोटकडच्या एका म्हाताऱ्याच्या पुढ्यात रिकामा करायच्या. त्याची बायको आत होती अन् त्याला डबा आणणारं कोणी नव्हतं. मग नळावर डबा घासून पुसून परत. शमुवेलला वाटायचं, सासूबाई जेवल्या. शुगरची गोळी मात्र त्या न चुकता घ्यायच्या. गोळी घेतली म्हणजे अंगाची काळजी घेतली, असं काहीतरी मनाचं समाधान. उपाशी पोटी ती गोळी किती वाईट, हे त्यांनी मंडळीतल्या बायकांना स्वतः घसा फोडून सांगितलेलं होतं. तेही आठवू नये? दुःखानं अक्कल गहाण पडते म्हणतात, ते काही खोटं नाही.

माणिकबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही. लीलाबाईंचं तोंड पार सुकून गेलं होतं.

"लीला, तू जेवून नाई राह्यली."

"जेवली ना. डबा पाय, रिकामा हाये."

"डबा नको दाखवू मले. तोंड दाखव." माणिकबाई त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "काहून असं करतं वं? साऱ्या दुनियेले तूच सांगतलं ना, देह प्रभूचं मंदिर हाये म्हणून? मंग स्वतःचंच मंदिर पाडून राहिली काय?"

"मले बोलू नको, माणिक. घास तोंडाशी नेला की तिची ती नळी दिसते मले."

"दिसू दे. रडत रडत खाय. तूच म्हणायची तसं."

"मी लय काही म्हणायची," लीलाबाई म्हणाल्या. "माही लेक चांगली होती तवा म्हणायची."

माणिकबाई उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मग एके दिवशी डॉक्टरांनी बाहेर येऊन चांगली बातमी दिली. नीलमचा श्वास सुधारला होता. नळी काढली होती, गुंगीचं औषध कमी करत आणलं होतं. "उद्या जाग येईल असं वाटतं. धोका टळला असं मी म्हणणार नाही, प्लेटलेट फार कमी आहेत. पण डोळे उघडले की समोर ओळखीचं माणूस पाहिजे, नाहीतर पेशंट घाबरतो. आई, तुम्ही इथंच राहा. आम्ही बोलावू."

लीलाबाईंच्या तोंडावर इतक्या दिवसांनी रंग आला. त्यांनी माणिकबाईला मिठीच मारली. "ऐकलं देवानं! उद्या मले पायल ती."

"मंग आज तरी जेव," माणिकबाई म्हणाली. "हात जोडते तुले."

"आता एका दिवसासाठी मोडू काय? उद्या तिनं डोळे उघडले की तिच्यासमोरच खाईन. घरून कढी आण तू."

माणिकबाईनं दुसऱ्या दिवशी खरंच कढी आणली. लीलाबाई सकाळपासून आयसीयूच्या दारासमोरून हलल्या नव्हत्या. वेणी घातली होती, तोंड धुतलं होतं, लेकीशी पहिलं काय बोलायचं ते मनात घोकत होत्या. दुपार होत आली तसा त्यांच्या अंगाला दरदरून घाम सुटला. माणिकबाईला त्या काहीतरी सांगायला गेल्या, पण जीभ जड झाली, शब्द वेडेवाकडे आले, अन् बाई बाकड्यावरून सरळ खाली आल्या.

शमुवेलनं त्यांना उचललं अन् जिन्यानं खाली पळाला, तातडीच्या विभागात. माणिकबाईही मागं धावणार, तेवढ्यात आयसीयूचं दार उघडलं. सिस्टर म्हणाली, "नीलमची आई कुठंय? लवकर पाठवा, पेशंट जागी झाली." मग माणिकबाईच आत गेली.

खाली लीलाबाईंची शुगर इतकी उतरली होती की डॉक्टरनं आधी सुई टोचली, मग शमुवेलला झापलं. ग्लुकोज चढलं तशा त्या हळूहळू शुद्धीवर आल्या. छताकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, अन् सगळं ध्यानात आलं.

"नीलम?"

तेवढ्यात शमुवेलचा फोन वाजला. पलीकडून माणिकबाई बोलत होती. त्याचं तोंड बघून लीलाबाई सुई ओढायला लागल्या, पाय खाली टाकले, पण पायांत जीवच नव्हता. चाकाची खुर्ची आणा, लिफ्ट बोलवा, हे होईपर्यंत जो वेळ गेला तो गेलाच. वर पोचल्या तेव्हा नीलमच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता अन् आत डॉक्टरांची धावपळ चाललेली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. लीलाबाईंनी पडद्याबाहेरून हाका मारल्या, "नीलू, आली वं मी, आली माय!" संध्याकाळ व्हायच्या आत नीलम गेली. आईनं तिचे उघडे डोळे पाहिले नाहीत.

दफन अकोल्यालाच झालं. अमरावतीहून मंडळी गाडी करून आली. गीत सुरू झालं तेव्हा ज्या बाईंचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा, त्यांचे ओठ हललेसुद्धा नाहीत. पाळकसाहेब जवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, प्रार्थना करू?" लीलाबाई म्हणाल्या, "तुमी करा, साहेब. मले त्याच्याशी बोलायचं तोंड नाई. त्यानं तिले जागी केली होती. मीच नव्हती."

दफनाहून सगळे जठारपेठेतल्या घरी आले. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून मंडळीतल्या बायकांनीच भाकरी अन् साधं वरण आणलं होतं. शमुवेलला कोणीतरी बळंच दोन घास भरवले. लीलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. घरात एवढ्या बायका, पण 'बाई, जेवा' म्हणायची एकीचीही हिंमत होईना. वच्छला ताट घेऊन दोनदा पुढं आली अन् दोन्ही वेळा रडत माघारी गेली.

"मी मारलं तिले," लीलाबाई अचानक म्हणाल्या.

"नाई वं," माणिकबाई म्हणाली. "रक्तस्राव तू नाई केला. डॉक्टरनं सांगतलं ना?"

"मारलं नाई, तर एकटी तरी मरू देली. डोळे उघडले अन् समोर आई नाई. घाबरली असन माही पोरगी." त्यांनी माणिकबाईचं मनगट धरलं. दवाखान्यापासून त्या हेच विचारत होत्या अन् माणिकबाई 'काही नाई' म्हणत टाळत होती. "खरं सांग माणिक, तुले शप्पथ हाये. काय बोलली ती?"

माणिकबाईनं पदर तोंडाला लावला. आता टाळून भागणार नव्हतं.

"घाबरली नव्हती. मले ओळखलं तिनं. मावशी म्हटलं. आवाज फुटत नव्हता, म्हणून मी कान खाली नेला. मले वाटलं, तू कोठी हायेस म्हणून विचारन. तर म्हणे, 'आई जेवली काय?'"

वच्छलेनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"मंग?" लीलाबाईंनी विचारलं.

"मंग काय सांगू तिले? म्या म्हटलं, हाव, पोटभर जेवली. तिनं मान हलवली अन् डोळे मिटले. मंग नाई उघडले." माणिकबाई हुंदके द्यायला लागली. "मरत्या लेकराशी खोटं बोलली मी, लीला. देव मले माफ करन काय?"

लीलाबाई ओरडल्या. शब्द नव्हते त्यात, नुसती ओरड, अन् ती ऐकून शमुवेल आतल्या खोलीतून धावत आला. त्यांनी छाती बडवली, भिंतीवर डोकं आपटायला गेल्या. वच्छलेनं अन् माणिकबाईनं दोन्हीकडून धरून ठेवलं. रडता रडता बाईंचा घसा बसला. मग कधीतरी त्यांनी वच्छलेकडे हात केला.

"ताट आण."

वच्छलेनं भाकर कुस्करून वरणात कालवली. लीलाबाईंनी पहिला घास तोंडात घातला अन् तो उतरेना. माणिकबाईनं पाणी पाजलं. दुसऱ्या घासाला ठसका लागला, वच्छला पाठ चोळत राहिली. बाई रडत होत्या अन् चावत होत्या, नाकाडोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं. अर्धी भाकर संपली तेव्हा माणिकबाईला वाटलं, पुष्कळ झालं, अन् तिनं ताट उचलायला हात पुढं केला.

लीलाबाईंनी ताट सोडलं नाही.

"पोटभर म्हणून सांगतलं ना तिले?" त्या म्हणाल्या. "आणखी वाढ."