सायलस एमॉस पेटीचा बाप

पाच वर्षं मयूरा एका परक्या माणसाला उराशी घेऊन हिंडत होती. सायलस एमॉस पेटी, पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत ओहायोच्या विधानसभेत निवडून गेलेला शेतकरी. त्याच्या देशापासून दूर, इथं क्लेटनच्या युनिव्हर्सिटीत त्याच्याच चरित्रावर तिची पीएचडी चालली होती. पळालेल्या गुलामांना धरून देऊ नये, असं मत त्यानं सभागृहात दिलं होतं. आणि त्याच गावचा एमॉस पेटी गुलाम पकडून द्यायचा. बापाविरुद्ध लेकाचं मत! प्रबंधाचा कणाच तो. शेवटचा मसुदा आज अकराला हेलनबाईंना, तिच्या गाईडना, द्यायचा होता.

सकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, टार्निटच्या घरात तिची आठ वर्षांची लेक स्वरदा शाळेच्या कॅम्पचा फॉर्म भरत बसली होती.

"मम, माझ्या क्लासमधल्या मेसनचं मिडल नेम त्याच्या ग्रँडपाच्या डॉगचं आहे. माझंच डॅडचं का?"

"आपल्यात बापाचंच लावतात गं," मयूरा म्हणाली, आणि वेणी घालणारा तिचा हात थांबला. आपल्यात. आणि त्यांच्यात?

सायलसच्या बापाचं नाव तिनं कधी शोधलंच नव्हतं. शोधायचं कशाला? ते नावातच तर असतं.

ट्रेनमध्ये ती बसली, उठली, पुन्हा बसली. रिकामी बाटली दोनदा तोंडाला लावली. गाडी धावे पुढे पुढे, जीव धावे मागे मागे. फोनवर सायलसच्या गावच्या चर्चची जन्ममृत्यूच्या नोंदींची जुनी वही उघडली. सायलस, बाप डेव्हिड. त्याच्या दोन ओळी वर, त्याच आईबापांचा एमॉस. अकरा महिन्यांचा. पुरला.

गेलेल्या भावाचं नाव घेऊन जगला होता तो. गुलाम धरणारा एमॉस कुणी दुसराच.

हे कुणाला कळलं नसतं. हेलनबाईंनीही इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. अकराला मयूरानं मसुदा टेबलावर ठेवला, त्यावरचा हात मात्र काढला नाही, आणि सगळं सांगून टाकलं.

 बाई म्हणाल्या, "मग त्यानं तसं मत का दिलं?"

"ठाऊक नाही."

पाच वर्षांत हे ती पहिल्यांदाच म्हणत होती.  तिनं मसुदा अलगद मागे ओढला, पिशवीत घातला आणि फोनवर चर्चच्या वहीचं पुढचं पान उघडलं.